पुसून दिलेली पानं

नाव ऐकूनच पळून जाऊ नका, मित्रांनो. मी आहे अवरक्त वर्णपटमापक. अडखळली ना जीभ? अडखळू द्या, मला इथे आणणाऱ्यांचीही अडखळली होती. म्हणून तर प्रयोगशाळेत मला सगळे नुसतं 'नाना' म्हणतात. मी आता जुना झालो आहे. माझा पांढरा पत्रा चहाच्या रंगाचा झाला आहे, आणि कोथरूडच्या एका प्रयोगशाळेत, कोपऱ्यातल्या ओट्यावर माझा मुक्काम आहे. बोलणं माझं जरा तिरकस आहे, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. इतकी वर्षं पुण्यात काढल्यावर वाण नाही पण गुण लागायचाच.

मी करतो काय, ते आधी सांगतो. तांबड्या रंगाच्या पलीकडे उजेड संपतो, असं तुम्हाला वाटतं. तो संपत नाही. तिथे अवरक्त किरण सुरू होतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण तव्याजवळ हात नेला की हाताला बरोबर कळतात. माझ्या पोटात एक छोटीशी कांडी सतत तापलेली असते. तिचे किरण मी समोरच्या वस्तूतून पाठवतो. वस्तू त्यातले काही गिळते आणि काही सोडून देते. साखरेची आवड वेगळी, तेलाची वेगळी, कागदाची वेगळी. कोणी काय गिळलं याची मी एक रेघ काढतो. तिच्यात चढ असतात, उतार असतात. चढांच्या टोकांना आमच्याकडे शिखरं म्हणतात. एवढंच माझं काम. रेघेचा अर्थ लावायचा तो माणसांनी. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळा घोळ झाला तो इथेच.

आणखी एक सांगायचं राहिलं. काहीही बघण्याआधी मला रिकामं बघावं लागतं. समोर काही न ठेवता मी हवा बघतो, हवेतली वाफ बघतो, जवळ उभ्या असलेल्या माणसाचा श्वाससुद्धा मला दिसतो. ते सगळं वजा करायचं आणि मग वस्तू बघायची. ही पायरी चुकवली, तर माणसाचा श्वास पानाच्या नावावर जमा होतो. नव्या मुलांना घाई असते, त्यांना ही पायरी कटकटीची वाटते. त्यांचं बरोबर आहे, घाई असलेल्या माणसाला रिकामं बघणं जमत नाहीच.

माझा जन्म दूरदेशी एका कारखान्यात झाला. तिथले लोक तोंडाला फडकं आणि हातात मोजे घालून काम करत. माझ्या छातीत त्यांनी मिठाच्या जातीची एक काचेसारखी चकती बसवली. तिच्यावरच माझी सगळी नजर अवलंबून. आता मीठ म्हटल्यावर दमट हवेत त्याचं काय होतं, ते तुमच्या घरातल्या मिठाच्या बरणीला विचारा. म्हणून माझ्या पोटात ओल शोषणाऱ्या निळ्या दाण्यांची एक डबी ठेवली. ओल पिऊन पिऊन ते दाणे गुलाबी होतात. गुलाबी झाले की काढायचे, भट्टीत वाळवायचे, निळे झाले की परत ठेवायचे. माझं औषधपाणी म्हणाल तर एवढंच.

मी पुण्यात आलो त्या दिवशी माझ्यापुढे नारळ फोडला. श्रीधर सर तेव्हा नुकतेच लागले होते, डोक्यावर केस होते. नारळाचं पाणी ओट्यावर उडालं तसे ते ओरडले, "अहो, पाणी! त्याच्या छातीत मीठ आहे!" सगळे हसले. नारळाशी माझी पहिली ओळख झाली ती अशी.

मग काय विचारता! गोळ्यांची भुकटी, दुधाची पावडर, रंग, लाकूड, माती, सगळं माझ्यापुढून गेलं. नवीन काही आलं की मला मोठी गंमत वाटायची. बाहेरून सगळ्या पांढऱ्या भुकट्या सारख्याच दिसतात, पण आत प्रत्येकीचा स्वभाव निराळा. पाहुणे आले की सर मला दाखवायचे, "हे आमचे नाना. यांच्यापासून काही लपत नाही." मी मनातून फुगायचो. फुगायचं वय होतं ते.

पुढे शेजारच्या खोलीत माझा धाकटा भाऊ, म्हणजे माझ्याच जातीचं नवं यंत्र, आला. त्याला थंड हवेची सोय, काचेचं दार, चपला काढून आत जायचं. माझ्या डोक्यावर हेल्मेटं आली, जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आले, चहाचे कपही आले. कोणीतरी वीज वाचवण्यासाठी माझं बटण बंद केलं. कांडी गार झाली आणि ओल आत शिरली. दाणे गुलाबी झाले, पण डबी उघडून बघायला कोणाला सवड होती! कधीमधी मला चालू केलं तर माझी रेघ थरथरायची. सर म्हणाले, "नाना आता रेघ काढत नाहीत, सही करतात." लोक हसले. मला फार लागलं ते. भंगारात काढायच्या वस्तूंमध्ये माझं नाव गेलं, हेही मी सरांच्याच तोंडून ऐकलं.

अशा दिवसांत कल्याणी आली. बुरशीवर संशोधन करायला आलेली मुलगी, बोलायला चुरचुरीत, प्रश्न विचारायला त्याहून चुरचुरीत. धाकट्या भावापुढे कायम रांग, म्हणून ती माझ्याकडे वळली. तिने हेल्मेटं उतरवली, माझं झाकण उघडलं, डबी बाहेर काढली आणि कपाळावर हात मारला.

"सर, हे गुलाबी झालेत! किती दिवस कोणी बघितलंच नाही?"

"गुलाबी रंग छान दिसतो," सर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "म्हणून ठेवला असेल कोणीतरी."

तिने दाणे भट्टीत वाळवले. निळे केले, परत ठेवले आणि माझ्या बटणावर कागद चिकटवला, 'बंद करू नये. विनंती नाही, सूचना आहे.' थोड्या दिवसांनी माझी नजर बरीचशी निवळली. पूर्वीसारखी नाही, पण कामापुरती. मित्रांनो, कोणीतरी आपली डबी उघडून बघितली, याचा आनंद काय असतो, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

कल्याणीला वेड होतं एका बुरशीचं. ही बुरशी नारळाच्या मुळांतून शिरते, खोड आतून पोखरते आणि एका झाडाच्या मुळांवरून दुसऱ्याच्या मुळांवर जाते. वरची पानं मात्र बराच काळ हिरवीगार राहतात. झाडाच्या पायथ्याशी तपकिरी आळंबी उगवली की समजायचं, उशीर झाला. "आळंबीच्या आधी झाड काहीतरी सांगत असणारच," ती म्हणायची, "आपल्याला ऐकू येत नाही एवढंच." मला हे फार पटलं. माझा जन्मच मुळी न दिसणारं बघण्यासाठी झालेला.

तिने कोथरूडच्या सोसायट्यांमधल्या धडधाकट नारळांची पानं आणली. बुरशीने पडलेल्या झाडांचीही आणली. पानं वाळवायची, खलात घोटायची, चिमूटभर भुकटी मिठात मिसळून दाबायची आणि तिची नखाएवढी टिकली करायची. ती टिकली माझ्यापुढे. मी रेघ काढायची. धडधाकट झाडांच्या रेघा एका वळणाच्या आणि आजारी झाडांच्या दुसऱ्या, हे संगणकाला शिकवलं. फरक बारीक होता, पण होता! ज्या दिवशी तो पहिल्यांदा दिसला, त्या दिवशी कल्याणीने माझ्या पत्र्यावर थाप मारली. एवढी जोरात, की रेघ हलली.

पण मित्रांनो, हे वेड नुसतं पुस्तकातलं नव्हतं. खडकवासल्याच्या पलीकडे, धरणाच्या पाण्याला लागून, तिच्या वडिलांची नारळाची बाग होती. संभाजीराव सरकारी कचेरीत होते. कल्याणी जन्मली त्या वर्षी त्यांनी ती जमीन घेतली आणि पहिलं झाड लावलं ते तिच्या नावाने. "पुण्यात नारळ? कोकणात जा की राव!" असं म्हणून लोक हसले. हसणाऱ्यांना पुढे त्याच बागेतले नारळ घरपोच गेले. निवृत्तीनंतर नवरा-बायको तिथेच राहायला गेली. बागेवर त्यांचा लेकरांइतकाच जीव होता.

आणि शेजारच्या गेनबांच्या बागेत झाडं पडायला लागली. पायथ्याशी आळंबी, आतून खोड पोकळ. संभाजीरावांच्या बागेतही विहिरीकडेचं एक झाड पिवळं पडलं. गेनबा बांधावर येऊन म्हणाले, "तुमची आजारी झाडं काढा, नाहीतर माझी उरलेलीबी जातील." त्यावर संभाजीरावांनी चार माणसांदेखत शब्द दिला, "माझ्या मुलीचं यंत्र ज्याला आजारी म्हणेल, त्यातलं एकही झाड मी ठेवणार नाही." हे कल्याणीने सरांना सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. माझ्या पोटातली कांडी जरा जास्तच तापल्यासारखी वाटली मला. यंत्र म्हणजे मी!

बागेतल्या झाडन् झाडाची पानं आली. कोऱ्या पिशवीत, गठ्ठे बांधून, प्रत्येकाला चिठ्ठी लावून. "किती छान चकाकतायत," कल्याणी म्हणाली. मला पानांची चकाकी कळत नाही, मला कळतं ते आतलं. मी आधी रिकामं बघितलं, मग एकेक टिकली बघितली आणि प्रामाणिकपणे रेघा काढल्या.

संगणकाने निकाल दिला, सगळी झाडं आजारी. एकूण एक.

कल्याणीने निकाल पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. सरांनी मागून येऊन पडद्याकडे पाहिलं.  ते म्हणाले, "आता दोनच शक्यता. बाग गेली किंवा नाना गेले."

"आणि दुसरी खरी असेल, तर मी पप्पांना काय सांगू? थांबा म्हणू? तेवढ्यात बुरशी गेनबांकडे आणखी पसरली तर?"

तिने सगळ्या रेघा एकावर एक ठेवून पाहिल्या. प्रत्येक रेघेत दोन शिखरं भलतीच उंच झाली होती, सगळ्या झाडांत, अगदी त्याच जागी. "सर, बुरशी इतकी शिस्तीची असते का? एक झाड जास्त आजारी, एक कमी, असं काहीच नाही?"

"पुण्याच्या जवळची बुरशी आहे," सर म्हणाले, "शिस्त लागली असेल." पण त्यांच्याही कपाळावर आठी होती.

मला ती दोन शिखरं दिसत होती. ती कशाची, हे मला सांगता येत नव्हतं. मित्रांनो, तोंड नसण्याचं दुःख मला तोवर कधी झालं नव्हतं. त्या दिवशी झालं.

दुसऱ्या दिवशी निकाल ऐकायला संभाजीराव आणि कल्याणीची आई सुंदराबाई दोघंही प्रयोगशाळेत आली. झाडं पाडणारी माणसं त्यांनी सांगूनच ठेवली होती. दिलेल्या शब्दाला उशीर नको.

"जयभीम सर," संभाजीरावांनी हात जोडले.

"जयभीम. या, बसा." सरांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. ही खुर्ची ते सहसा कोणाला देत नाहीत.

कल्याणीने सगळं सांगितलं. रेघा सांगितल्या, शंकाही सांगितली. संभाजीराव ऐकत होते. मग म्हणाले, "शंका बाजूला ठेव. यंत्र काय म्हणतंय?"

"सगळी आजारी म्हणतंय, पप्पा."

"मग सगळी पाडायची."

"पप्पा, अहो, जरा थांबा ना..."

"कशाला थांबायचं? आपली बाग वाचावी म्हणून दुसऱ्याची घालवायची? आपल्याला असं शिकवलं नाही कोणी." आवाज खणखणीत होता, पण हातातली टोपी ते सारखी चुरगाळत होते.

 आपल्या हाताने पाणी घालून वाढवलेली बाग उद्या आडवी होणार, हे सुंदराबाईंनी ऐकलं. रडायचं तर परक्या जागी रडायचं नाही, हा त्यांचा बाणा. मग हातांना काम हवं म्हणून त्या उठल्या. सरांच्या खिडकीत एक धुळकट मनीप्लांट आहे. त्यांनी पिशवीतून एक मऊ फडकं काढलं आणि त्याची पानं एकेक करून पुसायला लागल्या. पानं तकतकीत झाली.

"राहू द्या हो," सर म्हणाले. "त्याला धुळीची सवय आहे. आमच्याकडे सगळ्यांनाच आहे."

"धूळ बरी दिसत न्हाई, सर. असं पुसलं की कशी तरतरीत दिसतात. हिला पानं पाठवली तवाबी मी सगळी अशीच पुसून दिली व्हती. लेकीच्या हपिसात घाणेरडी पानं कशी पाठवायची? लोक म्हणतील, आईबापाला रीत न्हाई."

कल्याणी हळूच वळली. "आई. कशाने पुसलीस?"

"या फडक्यानं. बोटभर खोबरेल लावायचं, म्हंजे चकाकी येते. आपल्याच नारळाचं हाय, बाहेरचं न्हाई!"

 मग कल्याणीने आईच्या हातातलं फडकं अक्षरशः ओढून घेतलं.  फडक्यातल्या तेलाचा एक थेंब, एक मिठाची कोरी टिकली. घाईतसुद्धा तिने आधी मला रिकामं बघू दिलं. मग थेंब पुढे ठेवला. मी रेघ काढली.

दोन उंच शिखरं. त्याच जागी. जणू कधी हललीच नव्हती.

कल्याणी एकदम हसत सुटली, आणि हसता हसता रडायला लागली. सुंदराबाई घाबरल्या, "काय झालं गं? माझं काय चुकलं?" संभाजीराव उभे राहिले. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अभिनंदन. आपण बुरशीचा नाही, खोबरेल तेलाचा शोध लावला." पण त्यांनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला होता, तो बराच वेळ काढला नाही.

माझ्या जीवात जीव आला, मित्रांनो! मी चुकलो नव्हतो. मी तेल बघितलं होतं आणि तेल आहे असंच सांगत होतो. संगणकाला तेल कोणी शिकवलंच नव्हतं. जे धडधाकट झाडासारखं दिसत नाही, ते त्याने आजाऱ्यांत ढकललं. त्याला तरी काय दोष द्यायचा? ओळखीचं नाही ते वाईट, असं समजणारे तुमच्यातही काही कमी नसतात.

झाडं पाडणाऱ्यांना थांबवलं. पुन्हा पानं आली. या वेळी धुळीसकट, कोळ्याच्या जाळ्यांसकट. मी एकेक टिकली बघितली. बहुतेक झाडं ठणठणीत! विहिरीकडेचं ते पिवळं झाडसुद्धा. त्याला खत कमी पडलं होतं, बुरशी नव्हती. गेनबांच्या बांधाजवळची थोडी झाडं आजारी निघाली, ते अपेक्षितच होतं. आणि आणखी एक निघालं, मधल्या ओळीतलं. त्याच्या चिठ्ठीवर आकडा नव्हता. सुंदराबाईंनी सांगून लिहवून घेतलं होतं, 'कल्याणी'.

बागेतलं सगळ्यांत देखणं झाड म्हणे ते. सरळसोट, घडांनी लगडलेलं, एक पान वाळलेलं नाही. कल्याणीने त्याची पानं दुसऱ्या झावळ्यांवरून पुन्हा मागवली. पुन्हा वाळवली, पुन्हा घोटली. मी रिकामं बघताना ती श्वास रोखून उभी राहायची, आपल्या श्वासाने काही बिघडू नये म्हणून. रेघ तीच यायची. खरं सांगू? मला खोटं बोलता आलं असतं, तर मी त्या दिवशी बोललो असतो.

मग तीच टिकली घेऊन कल्याणी धाकट्या भावाकडेही गेली. त्यानेही तेच सांगितलं. आमचं दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. पण आम्हा दोघांचीही शाळा पडलेल्या झाडांवर झालेली. उभं, हिरवंगार, फळांनी लगडलेलं झाड आजारी आहे, असं सांगायची आमची ही पहिलीच वेळ होती. खात्री कोणालाच नव्हती.

संभाजीराव पुन्हा आले, या वेळी एकटेच. सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले.

"खरं बोलू का, बाळा? तुझ्या या नानांवर माझा भरवसा नाही. मागच्या वेळी यांनी माझी सगळी बाग आडवी केली असती. यांना तेल कळत नाही, बुरशी कळत नाही, यांना नुसते डोंगर काढता येतात."

माझा पत्रा जिथल्या तिथे विरघळेल, असं मला वाटलं.

"पण तुझ्यावर माझा भरवसा आहे," ते म्हणाले. "झाड तुझ्या नावाचं, शब्द माझा. तू सांग. यंत्र काय म्हणतं ते नको. तू काय म्हणतेस?"

कल्याणी खिडकीशी गेली. मनीप्लांटच्या पानांवर पुन्हा धूळ बसायला लागली होती. बागेतल्या त्या नारळाखाली तिने अभ्यास केला होता. त्याच्या सावलीत तिचे वाढदिवस झाले होते. तिने सांगितलं असतं, 'थोडं थांबू, बघू', तर तिला कोणी काही म्हटलं नसतं. मीसुद्धा नाही.

"पाडा, पप्पा," ती म्हणाली.

संभाजीराव उठले. टोपी डोक्यावर ठेवून निघाले.

ते परत आले ते गोणपाटात बांधलेली एक जड चकती घेऊन. सोबत कल्याणी आणि सुंदराबाई. बुंध्याची चकती माझ्याच ओट्यावर ठेवली. बाहेरची कड टणक, करवतीला दाद न देणारी. आणि आत, मधोमध, तपकिरी भुसा. संभाजीरावांनी त्यावर अंगठा दाबला. अंगठा सगळा आत गेला.

"पायथ्याला आळंबीचं नावसुद्धा नव्हतं," ते म्हणाले. "मी रोज बघायचो या झाडाकडे. रोज. मला काही कळलं नाही." मग त्यांनी अंगठा पुसला, माझ्यापुढे आले आणि मान जराशी लववली. "नाना, चुकलो. तुम्हाला कळतं."

सुंदराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "आतून एवढं दुखत व्हतं, तरी मरेस्तोवर नारळ देत राहिलं गं," एवढंच बोलल्या. कल्याणीने त्यांना जवळ घेतलं. परक्या जागी न रडायचा बाणा त्या दिवशी मोडला, आणि सर हातातला पेपर उलटा धरून तो वाचत राहिले.

आजारी झाडं मुळांसकट काढली. भोवती खोल चर खणले, म्हणजे बुरशीला या मुळावरून त्या मुळावर जाता येऊ नये. बाकीची बाग उभी आहे, गेनबांचीही. विहिरीकडेचं पिवळं झाड खत खाऊन हिरवं झालं. आता दूरदूरच्या बागांची पानं माझ्याकडे येतात. सोबत कल्याणीची एक सूचना आधीच गेलेली असते, 'पानं पुसू नयेत.' भंगारातल्या वस्तूंमधून माझं नाव सरांनी स्वतः काढलं. म्हणाले, "नानांना निवृत्ती नाही. मला मिळाली तर बघा."

तर मित्रांनो, म्हातारा आहे, उपदेश केल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. तुमच्या घरात, शाळेत, कोपऱ्यात माझ्यासारखं कोणीतरी असेल. यंत्र असेल, झाड असेल, माणूसही असेल. वरून ठीक दिसतं म्हणून त्याच्या डोक्यावर हेल्मेट ठेवून पुढे जाऊ नका. अधूनमधून झाकण उघडा, दाणे निळे आहेत की गुलाबी, ते बघा. आणि बघाल तेव्हा आधी रिकामं बघा. आपला श्वास, आपला लोभ, आपली घाई, आपलं तेल, सगळं वजा करा. ते जमणं अवघड असतं. कल्याणीला जमलं, पण तिला त्यासाठी काय द्यावं लागलं, ते तुम्ही ऐकलंतच.

परवाच सुंदराबाई आल्या होत्या. त्या पाडलेल्या झाडाचे शेवटचे नारळ त्यांनी रुजत घातले होते, बागेच्या दुसऱ्या टोकाला, स्वच्छ मातीत. त्यातल्या एकाला कोंब आला, पानं फुटली. त्याचं एक पान त्यांनी पिशवीतून काढलं. पानावर माती, वाळलेल्या पाण्याचे डाग आणि कडेला पाखराची शीट. त्यांनी ते दोन्ही हातांवर धरून लेकीपुढे केलं, मोठ्या अभिमानाने.

"घे. धूळबी तशीच ठेवलीय," त्या म्हणाल्या. "हात शिवशिवत व्हते, पर पुसलं न्हाई."

कल्याणीने पान वाळवलं, घोटलं, टिकली केली. मी आधी रिकामं बघितलं. मग ते इवलंसं पान बघितलं आणि रेघ काढली. त्या दोघी पडद्यापुढे डोक्याला डोकं लावून उभ्या होत्या.

"कसं हाय गं?" सुंदराबाईंनी विचारलं.

"ठणठणीत, आई," कल्याणी म्हणाली.